उन्हाच्या कलानं: सोसायटीतले उन्हाळी कार्यक्रम, पाडव्यापासून मृगापर्यंत

सोसायटीचे उन्हाळी कार्यक्रम फसतात ते बहुतेक वेळा एकाच कारणानं. गणपतीत जे वेळापत्रक चालतं तेच मे महिन्यावर लादलं जातं. सकाळी दहाला स्पर्धा, साडेबाराला जेवण, तीनला बक्षीस समारंभ. मे महिन्यात दहालाच अंगणातली फरशी पायाला चटके देते. मग मुलं जिन्यात बसतात, ज्येष्ठ मंडळी येतच नाहीत आणि मांडवात उरतात ते कार्यकारिणीचे चार सदस्य.

म्हणून कागदावर सगळ्यात आधी कार्यक्रमांची नावं लिहू नका, तास लिहा. सकाळी साडेपाच ते साडेनऊ आणि संध्याकाळी सहा ते दहा, एवढेच तास तुमचे. मधला वेळ उन्हाचा. या नियमाला अपवाद ठरणारा एक कार्यक्रम आहे, तोही जेमतेम अर्ध्या तासाचा. त्याबद्दल पुढे.

तारखा ठरवताना

राज्य मंडळाच्या शाळांची सुट्टी साधारण मेच्या पहिल्या दोन दिवसांत लागते. सीबीएसईच्या शाळांचं नवं वर्ष एप्रिलमध्येच सुरू झालेलं असतं. त्यामुळे एप्रिलमध्ये मुलांचं काही ठेवलं तर अर्धी मुलं परीक्षेत आणि अर्धी शाळेत. मेच्या दुसऱ्या आठवड्यानंतर घरं रिकामी होऊ लागतात, कोणी गावाला, कोणी कोकणात. शिबिराला खरी जागा मिळते ती ३ ते १२ मेच्या आसपास.

ग्रुपवर ‘कोण कोण येणार?’ विचारलं की चाळीस अंगठे येतात आणि बारा माणसं येतात. त्याऐवजी मजल्यानुसार यादी फिरवा आणि प्रत्येक घराकडून ‘या तारखांना आम्ही इथे नाही’ एवढंच लिहून घ्या. नसण्याच्या तारखा लोक खऱ्या सांगतात. पंचांगात लग्नाचे मुहूर्त बघा, कारण दाट मुहूर्तांच्या रविवारी हॉल, मांडववाला, आचारी यांतलं काहीच मिळत नाही. आणि आयपीएलचा संध्याकाळचा सामना साडेसातला सुरू होतो, हे कोणी मान्य करो न करो, हिशोबात धरा.

दोन महिन्यांत पाच कार्यक्रम पुष्कळ झाले. खर्च सोसायटीच्या निधीतून होणार असेल तर कार्यकारिणीच्या सभेत ठराव लिहून घ्या. वर्गणी काढणार असाल तर प्रत्येक कार्यक्रमाची वेगळी काढा. जो कुरडयांना येणार नाही त्याच्याकडून गव्हाचे पैसे घेतले की पुढच्या वर्षी तो कशालाच येत नाही.

मांडव, पाणी, आवाज

पत्र्याचा मांडव उन्हाळ्यात भट्टी होतो. हिरवी शेडनेट किंवा पांढरं कापड घ्या, उंची किमान दहा फूट ठेवा आणि बाजू मोकळ्या सोडा, म्हणजे वर साठलेली गरम हवा निघून जाते. कनात लावायची ती फक्त पश्चिमेला. संध्याकाळी सहाचं तिरपं ऊन थेट डोळ्यांवर येतं, आणि मंच पश्चिमेला असेल तर प्रेक्षकांना वक्ता दिसतच नाही.

वळवाच्या पावसाचा धोका एप्रिलच्या अखेरीपासून असतोच. पावसापेक्षा त्याच्या आधीची वावटळ वाईट. शेडनेट शिडासारखी फुगते आणि बांबू उपटते. दोऱ्या खांबांना बांधा, कुंड्यांना नाही. आणि एक माणूस असा ठेवा ज्याला दोऱ्या कुठून सोडायच्या हे ठाऊक आहे. विजांच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप फोनवर असू द्या. गडगडाट ऐकू आला की मैदान आणि गच्ची रिकामी करा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कोणी बाहेर जायचं नाही.

पिण्याच्या पाण्याचा हिशोब असा: खेळणाऱ्या मुलाला दर अर्ध्या तासाला एक पेला, म्हणजे सुमारे २०० मिलिलिटर. तीस मुलं आणि अडीच तास म्हटलं की तीस लिटर झालं. वीस लिटरचे दोन जार आणा, एक पुरत नाही. बर्फ मागवलात तर खाण्याचाच आहे ना ते विचारा. माल थंड ठेवायच्या लाद्या सरबतात घालण्यासाठी नसतात.

ध्वनिक्षेपक लावायचा तर पोलीस ठाण्यातून लेखी परवानगी घ्या. रात्री १० ते सकाळी ६ तो बंदच. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि ५५ डेसिबल म्हणजे मोठ्यानं चाललेल्या गप्पांपेक्षाही कमी. शंभर माणसांच्या अंगणाला एक छोटा स्पीकर आणि एक माईक पुरतो.

चैत्रातलं हळदीकुंकू

चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत केव्हाही करता येतं. महिनाभर मुभा आहे, तेव्हा शनिवारची संध्याकाळ धरा. आता कितीतरी ठिकाणी हे फक्त सवाष्णींपुरतं न ठेवता सोसायटीतल्या सगळ्या बायकांना बोलावतात. तसंच करावं.

पन्नास जणींसाठी आंब्याच्या डाळीला एक किलो हरभरा डाळ पुरते. चार-पाच तास भिजवा, चाळणीवर अर्धा तास पूर्ण निथळू द्या, मग जाडसर वाटा. पाणी राहिलं आणि मिक्सर जास्त फिरला तर डाळीचा गोळा होतो. चार-पाचशे ग्रॅम किसलेली कैरी, एका नारळाचा चव, हिरव्या मिरच्या आणि वरून मोहरी-हिंग-हळदीची गार केलेली फोडणी. मीठ-साखर वाढायच्या आधी अर्धा तास घाला, नाहीतर कैरीला पाणी सुटतं. भिजलेली डाळ उन्हाळ्यात झपाट्यानं आंबते, तेव्हा सकाळी वाटून संध्याकाळी वाढण्याचा बेत करू नका. वाटायची वेळ दुपारी चार.

पन्ह्यासाठी किलोभर कैऱ्या उकडल्या की साधारण ६०० ग्रॅम गर निघतो. त्यात दीडपट गूळ, वेलची, केशर, चिमूटभर मीठ. हा अर्क तिप्पट पाण्यात मिसळला की लहान पेले तीसेक होतात. पन्नास जणींसाठी दोन किलो कैऱ्या घ्या. अर्क स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यातच ठेवा. पितळ, तांबं आणि ॲल्युमिनियमला कैरीचा आंबटपणा लागतो, चव बिघडते आणि पोटालाही ते बरं नाही.

कुरडयांचा रविवार

सोसायटीच्या सगळ्या उन्हाळी कार्यक्रमांत हा सगळ्यात मोलाचा, कारण इथे कोणी प्रेक्षक नसतो. शिवाय गच्चीचा एवढा चांगला उपयोग वर्षभरात दुसरा होत नाही. पण काम रविवारचं असलं तरी सुरुवात बुधवारी होते, आणि नेमकं तेच विसरलं जातं.

दहा घरांसाठी पाच किलो गहू धरा. बुधवारी सकाळी निवडून, धुऊन भिजत घाला. गुरुवारी आणि शुक्रवारी पाणी बदला. इथे आळस केला तर गव्हाला उग्र आंबूस वास येतो आणि तो तळल्यावरही जात नाही. शनिवारी सकाळी गहू दोन बोटांत दाबला की पांढरा चीक बाहेर यायला हवा, तेव्हा तो वाटायला तयार. वाटलेला गहू पाण्यात कालवून हातानं चुरा आणि चाळणीतून, मग पातळ कापडातून गाळा. चोथा दोनदा धुऊन घ्या, त्यातही बराच चीक असतो. गाळलेलं पाणी उंच पातेल्यांत झाकून रात्रभर हलवायचं नाही. रविवारी पहाटे वरचं पिवळसर पाणी अलगद ओतून टाकलं की तळाशी घट्ट, पांढरा चीक मिळतो.

आता शिजवणं. दाट चीक असेल तर वाटीला वाटी पाणी घ्या. पाण्याला उकळी आली की मीठ, हिंग आणि चमचाभर तेल घाला. मीठ जिभेला थोडं कमीच वाटलं पाहिजे, कारण वाळल्यावर चव एकवटते आणि आधी बरोबर वाटलेली कुरडई खारट निघते. मग एकानं बारीक धारेनं चीक ओतायचा आणि दुसऱ्यानं लाकडी दांड्यानं न थांबता हाटायचं. एका वेळी दीड-दोन किलोपेक्षा जास्त चीक घेऊ नका. मोठ्या पातेल्यात हात पोचत नाही, गुठळ्या होतात आणि आतून कच्चं राहतं. झाकण ठेवून दोन-तीन वाफा काढा. पांढरा रंग जाऊन चीक काचेसारखा चमकू लागला आणि ओलं बोट लावल्यावर चिकटला नाही, की झाला. कच्च्या चिकाच्या कुरडया वाळताना तुकडे होऊन पडतात आणि तेलात फुलत नाहीत. ‘यंदा ऊन चांगलं नव्हतं’ म्हणून उन्हाला दोष दिला जातो, चूक मात्र बहुतेक वेळा पातेल्यातली असते.

घालायची ती गरम असतानाच. गार झालेला चीक सोऱ्यातून उतरत नाही, दांडा तुटतो. म्हणून शेगडी आणि गच्ची यांतलं अंतर महत्त्वाचं. वरच्या मजल्यावरच्या एखाद्या स्वयंपाकघरात शिजवून हॉटपॉटच्या डब्यांतून वर पाठवणं सगळ्यात सोयीचं. गच्चीवरच शेगडी मांडायची तर टाकीच्या आडोशाला, वाऱ्याकडून पत्रा लावून. बंद जिन्यात सिलिंडर कधीही नको.

सोरे किमान चार हवेत: दोन चालू, एक भरला जातोय, एक धुतला जातोय. सोऱ्या दाबायला मनगटात जोर लागतो. सोसायटीतल्या व्यायामशाळेत जाणाऱ्या तरुणांना हे काम द्या, विसाव्या कुरडईला त्यांची ऐट उतरते. गच्ची आदल्या संध्याकाळी धुऊन घ्या. जाड प्लास्टिकचे कागद पुसून अंथरा, कोपऱ्यांवर विटा ठेवा. सहाला पहिली कुरडई पडली पाहिजे आणि साडेआठला शेवटची. मग सगळ्यांनी खाली यायचं. खाली येण्याआधी वाटीत गरम चीक, वर तेल किंवा तूप, हे मुलांना द्यायला विसरू नका.

संध्याकाळी वरची बाजू कोरडी झाली की अलगद उलटा. ओढून निघत नसेल तर अजून ओली आहे, हात लावू नका. रात्री गच्चीवर ठेवायच्या नाहीत, परातींत भरून खाली आणा. दोन-तीन कडक उन्हं लागतात. मोडल्यावर कट्कन आवाज आला की डब्यात भरा, नुसती वाकली तर बुरशी ठरलेली. कबुतरांसाठी वर जाळी आणि खाली एक आजोबा, दोन्ही लागतात.

वाटणी कुरडया मोजून करू नका, वजनानं करा. लहान-मोठ्यावरून वाद होतात, ते काट्यावर मिटतात.

मुलांचं शिबिर

आठ दिवस, सकाळी सात ते साडेनऊ, वय सहा ते बारा. दर आठ-दहा मुलांमागे एक मोठं माणूस. कॉलेजातली मुलं मदतीला घ्या, पण जबाबदारी त्यांच्यावर टाकून मोठ्यांनी फिरायला जाऊ नये.

पहिला तास खेळ: लगोरी, लंगडी, खो-खो, आट्यापाट्या, विटी-दांडू. लगोरीला सात चपट्या ठिकऱ्या आणि रबरी चेंडू. टेनिसचा ओला चेंडू लागतो फार. विटी-दांडू कंपाउंडच्या भिंतीकडे तोंड करून खेळा, गाड्यांकडे नाही, आणि बघणारी मुलं दांडूवाल्याच्या मागे दहा पावलं. मैदान आखायला चुन्याची फक्की वापरतात, पण चुना डोळ्यांत गेला की गंभीर इजा होते. लहान मुलांसाठी साधी रांगोळी वापरा. खो-खोला पाटीवर आठ जण बसतात, एक धावतो. बसणाऱ्यांची पावलं फरशीवर भाजतात, म्हणून खो-खो सातला आणि लगोरी त्यानंतर. उलटा क्रम लावला की पाचव्या दिवशी निम्मी मुलं दांडी मारतात.

आठनंतर सावलीत हाताचं काम. रोज नवा कागदकाम-वर्ग नको. दोन-तीन मोठ्या गोष्टी आठवडाभर चालू द्या: आपल्या इमारतीचा मोठा नकाशा, आवारातल्या झाडांची यादी, एखादं दहा मिनिटांचं नाटुकलं. शेवटच्या संध्याकाळी पालकांना तेच दाखवायचं. बक्षिसं ठेवायचीच असतील तर सगळ्यांना सारखं एकेक पुस्तक द्या.

जवळ ओआरएसची पाकिटं असू द्यात. पाकीट संपलं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मूल चिडचिडं झालं, डोकं दुखतंय म्हणालं, मळमळू लागलं की खेळ थांबवा, सावलीत न्या, पाणी द्या. अंग तापलंय आणि बोलणं असंबद्ध होतंय, तर तो उष्माघात. ताबडतोब १०८ला फोन, कपडे सैल, अंगावर गार पाणी आणि वारा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

भर दुपारचा एकच कार्यक्रम

महाराष्ट्र सगळाच्या सगळा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, म्हणून इथे प्रत्येक गावी वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. दुसरा दिवस जुलै-ऑगस्टमध्ये, ढगांत जातो. पहिला मात्र मे महिन्यात: कोल्हापूरला ६ मेच्या सुमारास, पुण्याला १३-१४, मुंबईला १५-१६, नाशिकला २० आणि नागपूरला २६ मेच्या आसपास. वेळ बारा नसते, हे मुलांना सांगितलं की त्यांचे डोळे मोठे होतात. मुंबईत १२:३५, पुण्यात १२:३१ आणि नागपुरात १२:१०च्या सुमारास. आपलं घड्याळ प्रयागराजजवळच्या (पूर्वीचं अलाहाबाद) रेखावृत्तावर लावलेलं आहे आणि आपण त्याच्या पश्चिमेला आहोत, म्हणून हा उशीर.

साहित्य: सपाट पाट, त्यावर पांढरा कागद, एक सरळ नळी किंवा उपडा स्टीलचा पेला आणि गवंड्याकडचा ओळंबा. पाट स्पिरिट लेव्हलनं समतल करा, नळी ओळंब्याला लावून उभी करा. बहुतेकांची सावली ‘जात नाही’ ती नळी कललेली असते म्हणून. निम्मा कार्यक्रम या जुळणीतच आहे. सव्वाबाराला (नागपुरात पावणेबाराला) सावलीचं टोक पेन्सिलनं टिपायला लागा, दर पाच मिनिटांनी. सावली आखडत येते, शेवटी नळीच्या बुडाशी पुसट कडा तेवढी उरते, कारण सूर्य ठिपका नाही, थाळी आहे. एकदोन मिनिटांत ती दुसऱ्या बाजूनं बाहेर पडते.

त्या दिवशी ढग आले तर दुसऱ्या दिवशी करा. सूर्य रोज जेमतेम पाव अंश सरकतो, म्हणजे मीटरभर काठीची सावली चार-पाच मिलिमीटर पडेल, एवढंच. मुलांना टोप्या, छत्री ज्येष्ठांना, आणि सूर्याकडे कोणीही बघायचं नाही. अर्ध्या तासात सगळे आत, आत कलिंगड. तीन किलोचं एक कलिंगड बारा-पंधरा जणांना होतं. कापायचं ते वाढतानाच.

संध्याकाळी

१ मेचं झेंडावंदन सकाळी साडेसातला उरका. १९६०ची गोष्ट सांगायची तर दहा मिनिटांत सांगा.

व्याख्यानाची परंपरा आपल्याकडे उन्हाळ्याचीच. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी सुरू केली. सोसायटीत तीन संध्याकाळी पुरेत. वक्ते बाहेरून बोलवण्याआधी आवारात बघा: निवृत्त अभियंते, परिचारिका, बँकेतली माणसं. पाऊण तास बोलणं, अर्धा तास प्रश्न.

पडद्यावर सिनेमा दाखवायचा मोह होतो. घरातल्या ओटीटीच्या वर्गणीत जाहीर प्रदर्शनाची परवानगी नसते, ती हक्कधारकांकडून घ्यावी लागते. त्यापेक्षा अंताक्षरी बरी, आणि अंधार पडायची वाटही बघावी लागत नाही. मेमध्ये सातपर्यंत उजेड असतो.

फाटकाबाहेरचा माठ

पाणपोई हा कार्यक्रम नाही, रोजचं काम आहे. रोज कोणी करायचं हे ठरलं नसेल तर सुरूच करू नका. तोटीचे दोन माठ, खाली ओली वाळू, वर सावली, आणि पेल्याऐवजी ओंजळीत धरता येईल अशी उंच तोटी. एक माठ रोज आलटून पालटून रिकामा करून घासायचा. पक्ष्यांसाठी मातीची पसरट ताटली, दोन बोटं पाणी, मधे एक दगड. तिचंही पाणी रोज बदला, आठवडाभर साचलं तर डेंग्यूचे डास तिथेच वाढतात.

कोयी

मे अखेरीस प्रत्येक घरात आंब्याच्या कोयी निघतात. फाटकाशी एक टोपली ठेवा. आलेल्या कोयी धुऊन सावलीत वाळवा, उन्हात नको. आंब्याचं बी टिकत नाही, तीन-चार आठवड्यांत रुजण्याची ताकद जाते. म्हणून मृग लागेपर्यंत, ७-८ जूनच्या आसपासच्या रविवारी, मुलांना घेऊन लावून टाका. कोयीचं टणक कवच कडेनं कात्रीनं कापून आतली बी काढली तर लवकर रुजते, पण हे कात्रीचं काम मोठ्यांचं. दुधाच्या पिशव्यांना तळाशी चार भोकं पाडा, माती आणि शेणखत भरा, बी बाकदार कडा वर करून दोन बोटं खोल ठेवा. हापूसच्या कोयीतून हापूसच येईल असं नाही, त्याला कलमच लागतं, हे टोपलीवरच लिहून ठेवा. दोन-तीन आठवड्यांत तांबूस कोवळी पानं वर येतील. तोवर पाऊस सुरू झालेला असतो, पिशव्या पन्हाळीखाली ठेवू नका.